बोस्टनचे जामीनदार : जॉन ऑगस्टस

(द्वितीय वर्ष, कला)

जगातील पहिला परिवीक्षा अधिकारी कोण, हे शोधू लागलो तेव्हा एखादा न्यायाधीश, एखादा धर्मगुरू किंवा एखादा गडगंज सावकार सापडेल अशी माझी अटकळ होती. सापडले ते जोडे शिवणारे एक गृहस्थ. अमेरिकेतील बोस्टन शहरात त्यांचे दुकान होते. त्यांचे नाव जॉन ऑगस्टस. त्यांच्याजवळ कायद्याची पदवी नव्हती, सरकारी हुद्दा नव्हता आणि पगारही नव्हता. तरीही आज अनेक देशांतील न्यायालये गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली घरी पाठवतात, त्या प्रथेचे जनक म्हणून याच माणसाचे नाव घेतले जाते. माझे वडीलही बाजाराच्या दिवशी जोडे शिवायला बसतात. त्यामुळे हे चरित्र मी जरा अधिक आस्थेने वाचले, हे आधीच सांगून टाकतो.

'परिवीक्षा' हा शब्द जड आहे, पण त्यामागची कल्पना साधी आहे. गुन्हा शाबीत झाला तरी माणसाला लगेच तुरुंगात न धाडता, चांगल्या वर्तनाच्या हमीवर, कोणाच्या तरी देखरेखीखाली ठराविक मुदतीपुरते मोकळे ठेवायचे. मुदत नीट पार पडली तर तुरुंग टळला, नाहीतर शिक्षा आहेच. इंग्रजीत याला प्रोबेशन म्हणतात. त्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा अर्थ पारखणे, कस लावून पाहणे असा आहे. सोनार सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहतो, तसेच हे. फरक इतकाच की सोन्याला कसोटीच्या काळात भूक लागत नाही, त्याला घरभाडे द्यावे लागत नाही. माणसाला ते द्यावे लागते. ऑगस्टस यांच्या चरित्राचे सारे मर्म मला या फरकात दिसते.

जॉन ऑगस्टस यांचा जन्म १७८५ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूबर्न येथे झाला. तरुणपणी ते जवळच्या लेक्सिंग्टन गावी आले आणि जोडे तयार करण्याचा धंदा त्यांनी तेथे सुरू केला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक १७७५ साली ज्या गावात झडली, तेच हे लेक्सिंग्टन. धंद्यात त्यांचा जम बसला. पुढे त्यांनी बोस्टनला बिऱ्हाड हलवले आणि तेथेही दुकान थाटले. हे दुकान शहराच्या पोलीस न्यायालयापासून जवळ होते. त्यांच्या आयुष्याला जे वळण लागले, त्यात दुकानाच्या या जागेचाही वाटा असावा असे मला वाटते.

त्या काळी बोस्टनमध्ये दारूबंदीची चळवळ जोरात होती. वॉशिंग्टन यांच्या नावाने निघालेल्या दारूबंदी मंडळाचे ऑगस्टस हे सभासद होते. दारुड्याला तुरुंगात कोंडून दारू सुटत नाही, त्याला कोणीतरी माणसासारखे वागवले, त्याच्याकडून शपथ घेतली आणि ती पाळायला मदत केली तर ती सुटू शकते, अशी या मंडळींची श्रद्धा होती. सभेत असे बोलणे सोपे असते. ऑगस्टस ती श्रद्धा घेऊन न्यायालयात गेले.

१८४१ सालचा ऑगस्ट महिना होता. ऑगस्टस पोलीस न्यायालयात बसले असता, अट्टल दारुडा म्हणून पकडलेल्या एका माणसाला पोलिसांनी आणून उभे केले. कपडे फाटलेले, चेहरा उतरलेला. अशा माणसांची रवानगी ठरलेली असे : सुधारगृह! तेथून सुटायचे, पुन्हा प्यायचे, पुन्हा आत जायचे, असे ते चक्र होते. ऑगस्टस त्याच्याजवळ गेले, त्याच्याशी चार शब्द बोलले. आपल्याला या वेळी वाचवले तर पुन्हा दारूला शिवणार नाही, असे त्याने कळकळीने सांगितले. ऑगस्टस यांनी न्यायाधीशांची परवानगी घेतली आणि ते त्याला जामीन राहिले. तीन आठवड्यांनी त्याने शिक्षा ऐकण्यासाठी हजर व्हावे असे ठरले. न्यायालयाचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच त्याने दारू सोडल्याच्या शपथपत्रावर सही केली.

तीन आठवड्यांनी ते दोघे न्यायालयात परत आले तेव्हा हाच तो माणूस हे कोणाला ओळखता येईना. न्यायाधीश संतुष्ट झाले. सुधारगृहाची शिक्षा टळली. दंड झाला फक्त एक सेंट, आणि खटल्याचा खर्च म्हणून ३ डॉलर ७६ सेंट. तेवढ्यावर एका माणसाचे घर पुन्हा उभे राहिले.

एका माणसाला मदत करून थांबणारे पुष्कळ असतात. ऑगस्टस थांबले नाहीत. ते रोज न्यायालयात जाऊ लागले. आधी दारुडे पुरुष, मग स्त्रिया, मग इतर किरकोळ गुन्ह्यांत सापडलेले लोक, मग मुले. मात्र ते सरसकट सर्वांना जामीन राहत नसत. आरोपीचे पूर्वीचे वर्तन कसे होते, त्याचे वय काय, तो सुटल्यावर कोणत्या माणसांत राहणार आहे, याची ते आधी चौकशी करीत. ज्याच्या सुधारण्याची आशा वाटेल त्याचीच हमी घेत. हमी घेतल्यावर त्याला राहायला जागा बघून देत, काम मिळवून देत, मूल असेल तर शाळेत घालत. प्रत्येकाची नोंद वहीत ठेवत आणि मुदत संपली की त्याच्या वागण्याचा खराखुरा अहवाल न्यायालयापुढे मांडत. चौकशी, देखरेख, मदत आणि अहवाल ही चार कामे आजच्या परिवीक्षा अधिकाऱ्याला कायद्याने नेमून दिली आहेत. ऑगस्टस ती कोणी न नेमता करीत होते. कायद्याचा हेतू सूड घेणे हा नसून माणूस सुधारणे आणि गुन्हा टाळणे हा आहे, असे ते मानीत.

मुलांच्या बाबतीतले त्यांचे काम तर विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८४३ साली चोरीचा आरोप असलेल्या दोन मुली आणि एक मुलगा यांची जबाबदारी त्यांनी घेतली. मुली होत्या आठ आणि दहा वर्षांच्या, मुलगा अकरा वर्षांचा. १८४७ साली त्यांनी सात ते पंधरा वर्षे वयाच्या एकोणीस मुलांची हमी घेतली. न्यायालयाने या मुलांचे खटले तारखेमागून तारीख देत काही महिने लांबवले. हाच त्यांचा परीक्षेचा काळ. मुदत संपल्यावर मुलांना पुन्हा बोलावले तेव्हा न्यायाधीशांनी समाधान व्यक्त केले आणि प्रत्येकी नाममात्र दहा सेंट दंड केला. पण त्यांतील सात मुले इतकी गरीब होती की तेवढा दंडही त्यांना भरता येईना. तो ऑगस्टस यांनी भरला.

सात मुलांचे मिळून झाले सत्तर सेंट. मी या आकड्यापाशी बराच वेळ थांबलो. न्यायाधीश दयाळू होते, कायदा वाकायला तयार होता, मुलेही कसोटीला उतरली होती. तरीही कोणाच्या तरी खिशातून सत्तर सेंट निघाल्याशिवाय काम पुरे झाले नाही. गरिबाच्या बाबतीत न्याय पुष्कळदा अशा क्षुल्लक रकमेपाशी अडून राहतो, आणि ती रक्कम इतकी क्षुल्लक असते की कोणत्याही सरकारी अंदाजपत्रकात तिच्यासाठी रकाना नसतो.

हा पैसा कोठून येत होता? सुरुवातीला दुकानाच्या कमाईतून. पुढे ओळखीचे, सहानुभूतीचे लोक थोड्याथोड्या देणग्या देऊ लागले, आणि आलेला पैसा ऑगस्टस या कामावर खर्च करीत. आपल्या दहा वर्षांच्या कामाचा अहवाल त्यांनी १८५२ साली छापून प्रसिद्ध केला. देणाऱ्याला आपला पैसा कोठे गेला हे कळलेच पाहिजे, ही शिस्त त्यांना होती. जोडे शिवणाऱ्याचा धंदा हा बैठकीचा धंदा आहे. रापी आणि आरी हातात असेल तोवरच चार पैसे मिळतात. एक दिवस बैठक मोडली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाते, हे मी घरी पाहिले आहे. ऑगस्टस यांची बैठक रोज मोडत होती. त्यांचा धंदा हळूहळू मागे पडला. त्यांचे घर मात्र निराधारांनी भरलेले असे.

त्यांना विरोधही कमी झाला नाही. आरोपीला सुधारगृहात पोहोचवल्याबद्दल अधिकाऱ्यांना त्या काळी माणशी साठ ते पंचाहत्तर सेंटच्या दरम्यान मोबदला मिळे. ऑगस्टस जामीन राहिले की तो बुडे. म्हणून न्यायालयातीलच काही माणसे त्यांच्यावर डोळा धरून असत. हा मनुष्य जामिनाच्या नावाखाली स्वतःचे खिसे भरतो, असाही आरोप झाला. एवढ्याशा रकमेसाठी एखाद्याचे आयुष्य आत ढकलायला माणसे तयार असतात, आणि तेवढ्याच रकमेने कोणी ते बाहेर काढले तर त्याच्या हेतूवर शंका घेतात. ऑगस्टस यांनी विरोधकांना उत्तर दिले ते आपल्या नोंदवहीने.

ती नोंदवही आजही थक्क करते. १८५८ सालापर्यंत त्यांनी १,९४६ जणांची हमी घेतली होती. त्यांत १,१५२ पुरुष आणि ७९४ स्त्रिया होत्या. त्यासाठी त्यांनी अंगावर घेतलेल्या जामिनाची एकूण रक्कम दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलरांच्या घरात जाते. सरासरी काढली तर माणशी सव्वाशे डॉलर होतात. एवढ्या माणसांत विश्वासघात करून पळून गेलेले बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. २१ जून १८५९ रोजी ऑगस्टस यांचे बोस्टनमध्ये निधन झाले.

जामीन राहणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या खेड्यात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. आमच्या वस्तीतला एक मुलगा विहिरीवरची मोटार चोरल्याच्या आरोपात सापडला होता. न्यायालयाने जामीन मंजूर केला, पण जामीनदार मिळेना. जामीनदाराच्या नावावर सातबारा हवा होता, आणि ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना या भानगडीत पडायचे नव्हते. माझे वडील उभे राहायला तयार होते, पण आमच्या नावावर जमीन नाही. त्यामुळे त्यांच्या शब्दाला तेथे किंमत नव्हती. मुलगा चार महिने आत राहिला. सुटून आल्यावर त्याला कोणी कामावर घेईना, तेव्हा वडिलांनी त्याला बाजारात आपल्या शेजारी बसवले. दीड महिना तो शिकला. त्या दीड महिन्यात त्याचे दोन वेळचे जेवण आमच्याच चुलीवर होत असे. पण त्याला स्वतःची हत्यारे आणि थोडे चामडे घ्यायला पैसे उभे राहिले नाहीत, आणि एक दिवस तो पुण्याला निघून गेला. तेथे त्याचे काय चालले आहे ते घरच्यांनाही नीट ठाऊक नाही.

यावर कोणी विचारील, ज्याची मोटार गेली त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे. मोटार गेली म्हणजे त्या शेतकऱ्याचे उभे पीक वाळले. त्याला विसरून चोराची कड घेणे हे ऑगस्टस यांनाही मान्य झाले नसते. परंतु मुलगा चार महिने आत बसल्याने त्या शेतकऱ्याचे एक रुपयाचेही नुकसान भरून निघाले नाही. काम करणारा माणूसच भरपाई देऊ शकतो. आपल्या देशातील १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातही, गुन्हेगाराला सोडताना ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते अशी तरतूद आहे.

ऑगस्टस गेल्यावर त्यांचे काम पुढे कसे गेले हे पाहण्यासारखे आहे. १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून बोस्टन शहरासाठी पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याची सोय केली. म्हणजे एका जोडेवाल्याने अठरा वर्षे पदरमोड करून चालवलेली गोष्ट सरकारने त्याच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी आपली मानली. दरम्यान इंग्लंडमध्येही असेच काही घडत होते. १८७६ साली फ्रेडरिक रेनर नावाच्या एका मुद्रकाने तेथील चर्चच्या दारूबंदी मंडळाला पत्र लिहिले आणि पोलीस न्यायालयांत सापडणाऱ्या दारुड्यांसाठी काहीतरी करा म्हणून सोबत पाच शिलिंग पाठवले. पाच शिलिंग म्हणजे पौंडाचा फक्त चौथा हिस्सा. त्यातून लंडनच्या न्यायालयांत मंडळाचे सेवक उभे राहू लागले, आणि १९०७ साली तेथे परिवीक्षेचा कायदा झाला. एकीकडे जोडेवाला, दुसरीकडे छापखानेवाला! मोठ्या व्यवस्थांचा पाया अशा हातांनी आणि अशा रकमांनी घातला गेला आहे.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. जुन्या मुंबई प्रांतात १९३८ साली परिवीक्षेचा कायदा झाला होता. पुढे १९५८ साली सगळ्या देशासाठी कायदा आला. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा ज्यांना आहे असे गुन्हे सोडून इतर गुन्ह्यांत, न्यायालयाला योग्य वाटल्यास, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर माणसाला सोडता येते. गुन्हेगार एकवीस वर्षांखालील असेल तर तुरुंगवास देण्यापूर्वी न्यायालयाला त्याची कारणे नोंदवावी लागतात. आणि या कायद्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की परिवीक्षा अधिकारी हा सरकारनेच नेमलेला असावा असे नाही. राज्य सरकारने मान्यता दिलेली एखादी संस्थाही तो देऊ शकते. कायदा करणाऱ्यांनी ऑगस्टस यांच्यासारख्या माणसांसाठी दार उघडे ठेवले आहे. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत परिवीक्षा व अनुरक्षण संघटना उभ्या राहिल्या, त्या याच विचारातून. अनुरक्षण म्हणजे सुटल्यानंतरची सोबत.

२०२३ साली केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी एक योजना जाहीर केली. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून आत अडकलेल्याला चाळीस हजार रुपयांपर्यंत, आणि दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची त्या वेळी त्यात सोय होती. ऑगस्टस यांनी सात मुलांचे सत्तर सेंट भरले, तेच हे काम. ते सरकारने अंगावर घेतले ही आनंदाची गोष्ट आहे. पण दार उघडल्यावर माणूस रस्त्यावर येतो, आणि खरी कसोटी तेथून सुरू होते. तारखेला तालुक्याच्या गावी जायला एस.टी.चे भाडे लागते. तारखेच्या दिवशी मजुरी बुडते. पहिल्या महिन्याचे खोलीभाडे लागते. शिलाईयंत्र, गवंड्याची थापी, न्हाव्याची पेटी, आमच्यासारख्यांची रापी आणि आरी यांपैकी काहीतरी लागते. हा खर्च दर माणसाला वेगळा असतो. तो मुंबईत किंवा दिल्लीत बसून ठरवता येत नाही. गावातले भजनी मंडळ, महिलांचा बचत गट, तालीम, एखादी लहान संस्था यांना तो कळतो, कारण त्यांना तो माणूस ठाऊक असतो.

म्हणून मला वाटते की अशा लहान मंडळांच्या हाती लहान लहान रकमा विश्वासाने दिल्या पाहिजेत. त्यांच्याकडून हिशेब मागावा. ऑगस्टस यांनी तो न मागता छापून दिला होता. मात्र दहा हजार रुपयांसाठी दहा पानांचे अर्ज आणि वर्षभराच्या खेपा असू नयेत. अर्जाच्या जंगलात टिकून राहते ती मोठी संस्था. बाजारात बसणारा माणूस तेथे पोहोचतच नाही. शिवाय ऑगस्टस यांच्या चरित्रातून आणखी एक गोष्ट शिकायची आहे. चांगल्या माणसाचा धंदा बुडवून समाजाने आपले काम फुकटात करून घेऊ नये. ऑगस्टस यांनी आपली बैठक मोडली म्हणून त्यांना आपण थोर म्हणतो. पण ती मोडायला लागली नसती तर अधिक बरे झाले असते.

आपल्या वर्गात बहुतेक सारेजण एकवीस वर्षांच्या आतले आहेत. १९५८ च्या कायद्यात ज्या वयाचा वेगळा विचार केला आहे ते वय आपलेच आहे. आमच्या वस्तीतला तो मुलगाही त्याच वयाचा होता. तो आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर होतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रस्ते करतो, झाडे लावतो. त्याच बरोबर आपल्या जिल्ह्याच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांना एकदा महाविद्यालयात बोलवावे, सुटून आलेल्या तरुणांना कशाची नड असते ते त्यांच्याकडून ऐकावे, आणि स्नेहसंमेलनाच्या वर्गणीतून थोडी रक्कम एखाद्याच्या हत्यारांसाठी बाजूला काढावी, अशी माझी प्राध्यापकांना आणि मित्रांना विनंती आहे. वहीत नोंद ठेवण्याचे काम मी करीन. जॉन ऑगस्टस यांच्या स्मृतीला अभिवादन करण्याचा याहून चांगला मार्ग मला सुचत नाही.